आधी उतार, मग चढ

सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेला माणूस बुलढाणा जिल्ह्यात भटकायला आला की पहिल्याच दिवशी थोडा गोंधळतो. त्याच्या डोक्यातल्या डोंगराला पायथा असतो, पायथ्याला गाव असतं. पहाटे गावातून निघायचं, ऊन तापायच्या आत माथा गाठायचा आणि दिवस कलला की मोकळ्या अंगाने खाली यायचं. बुलढाण्यात हा क्रम उलटा होतो, कारण इथे गावच माथ्यावर आहे.

वऱ्हाडची जुनी विभागणी पाहिली की हे लगेच उलगडतं. पूर्णेच्या काठचा सखल, काळ्याभोर मातीचा पट्टा म्हणजे पयनघाट आणि त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवर पसरलेलं पठार म्हणजे बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगाव पयनघाटात; बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार बालाघाटावर. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. तिथून मलकापूरला निघालात की राजूर घाट उतरावा लागतो, खामगावला निघालात की बोथ्याच्या जंगलातून खाली जावं लागतं. म्हणजे या जिल्ह्यात डोंगर बघायचा तर तो काठावर उभं राहून खाली बघायचा. पायवाटही काठापासून सुरू होते आणि खाली जाते. चढ येतो तो शेवटी, पाय दमल्यावर, बाटलीतलं पाणी संपत आल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर. एका दिवसाच्या भटकंतीचा सगळा आराखडा या एका गोष्टीवर बेतला पाहिजे, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करत नाहीत.

बोथ्याच्या जंगलाचं नाव निघालंच आहे तर तिथलं आधी सांगतो. ज्ञानगंगा नदीच्या खोऱ्यातलं हे सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. साग, सालई, पळस, तेंदू यांचं कोरडं पानझडी रान. बिबट्या आहे, अस्वलं आहेत. २०१९ च्या अखेरीस या जंगलाचं नाव देशभर झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, नवं घर शोधत निघाला. तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला आणि शेतं, रस्ते, नाले ओलांडत पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. आपण ज्याला मधलं रिकामं रान समजतो, ते प्राण्यांच्या लेखी वाट असतं, हे त्या वाघाने सगळ्यांना दाखवून दिलं. पण म्हणूनच या जंगलात मनाला येईल तसं पायी हिंडता येत नाही. अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवी, ठरलेला मार्ग हवा. उत्तरेला सातपुड्यातलं अंबाबरवा अभयारण्य तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. बिबट्यापेक्षा अस्वलाची भीती मला जास्त वाटते. मोहाच्या दिवसांत, पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, वळणावर समोरासमोर गाठ पडली की अस्वल बिचकून अंगावर येतं. या दोन्ही जंगलांत परवानाधारक गाडीतून, वाटाड्यासोबत जावं आणि पायांची हौस दुसरीकडे भागवावी.

ती जागा म्हणजे लोणार.

लोणारचं सरोवर बहुतेकांनी काठावरून पाहिलेलं असतं. गाडी थांबते, कठड्याशी उभं राहून फोटो होतात, ‘उल्केने पडलेला खड्डा’ असं मुलांना सांगून होतं आणि गाडी शेगावकडे वळते. पण लोणार पायी बघायचं ठिकाण आहे. त्याला मी उलटा डोंगर म्हणतो. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर जवळजवळ १३७ मीटर खोल आहे, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत आत उभी केली तर तिची गच्ची काठाशी येईल. आतल्या उतारावर दाट झाडी आणि तळाशी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर व्यासाचं खारं पाणी. २००० साली हे विवर अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. डोंगरात जे जे शोधायला माणूस जातो, म्हणजे रान, झरे, जुनी देवळं, पक्षी आणि दूरवरचं दृश्य, ते सगळं इथे आहे. फक्त ते उतरून बघायचं.

आता थोडं गणित. कंटाळू नका, कारण याच गणितावर दिवस सुखाचा होतो किंवा बिघडतो. काठाचा परिघ निघतो पावणेसहा किलोमीटर, तळ्याचा चार किलोमीटरच्या आत. काठ आणि पाणी यांच्यातलं आडवं अंतर जेमतेम तीनशे मीटर आणि तेवढ्यात १३७ मीटरची घट. म्हणजे सव्वादोन पावलं पुढे गेलात की एक पाऊल खाली. एवढ्या उतारावर वाट सरळ जाऊ शकत नाही, ती नागमोडी होते आणि लांबते. उतरणं, तळ्याकाठची फेरी आणि परत चढणं धरून साडेपाच-सहा किलोमीटरची चाल होते.

डोंगरातल्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला आणि जगभरचे भटके अजून तो वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने लोणारची फेरी दीड तासाच्या आत आटोपायला हवी. सिंहगडाच्या चढणीच्या चौथ्या हिश्शाइतकीही ही चढण नाही, असं म्हणून तरुण मंडळी अकरा वाजता निघतात आणि दोन वाजता उतारावर कुठेतरी दगडावर बसलेली सापडतात. नेस्मिथचं स्कॉटलंड थंड, ढगाळ. त्याच्या सूत्रात वऱ्हाडचं ऊन नाही, काटेरी झुडपं नाहीत, काठचा चिखल नाही, आणि वाटेत दहा देवळांपुढे थांबणारे पाय तर नाहीतच. लोणारला त्या हिशेबाची तिप्पट वेळ धरावी. चार तास हातात असतील तर फेरी आनंदाची होते.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्येही वाट काठावरून खाली जाते. तिथली नदी काठापासून जवळपास दीड किलोमीटर खोल आहे, त्यामुळे चुकीची किंमत फार मोठी. तिथले वनरक्षक येणाऱ्यांना सांगतात की उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला राखून ठेवा. ही शिस्त लोणारला तशीच्या तशी उचलावी. उतरायला सुरुवात करतानाच घड्याळ बघायचं, तळाशी पोचलात की पुन्हा बघायचं. गेलेल्या वेळेची दुप्पट आणि वर अर्धा तास, एवढा वेळ परतीच्या नावाने बाजूला काढायचा. पाण्याचंही तेच. उतरताना तहान लागत नाही म्हणून पहिल्या उतारावर बाटली उघडत नाहीत आणि मग तळाशी फिरताना ती संपवतात. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावं आणि त्यातलं एक लिटर चढाचं म्हणून वेगळ्या बाटलीत, पिशवीच्या तळाशी ठेवावं. दिसलं नाही की हात जात नाही.

मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. मार्चचे दिवस होते, जेवण करून एक वाजता निघालो. खाली दीड तास रमलो. परतीचा चढ तीन वाजता समोर आला तेव्हा दगडांतून वाफ निघाल्यासारखं वाटत होतं, दर वीस पावलांवर थांबावं लागत होतं आणि बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं. बरोबरच्या मावशींना मळमळायला लागलं. सीताफळाच्या झुडपाच्या तोकड्या सावलीत त्यांना अर्धा तास बसवलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, उरलेलं पाणी थोडं थोडं दिलं. निभावलं, पण त्या दिवसापासून मी सूर्याचा हिशेब आधी करतो.

तो हिशेब असा. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि लोणार त्याच्या सहा अंश पश्चिमेला आहे. म्हणून इथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. आणि दगडमाती तापून उष्मा शिगेला पोचतो तीनच्या आसपास. त्यात विवराला सगळीकडून भिंती. वारा खाली पोचत नाही आणि उतारांचे चेहरे चारी दिशांना असल्यामुळे प्रत्येक उताराची दुपार वेगळी. धार नावाच्या झऱ्याची घळ विवराच्या ईशान्य अंगाला आहे, तिच्या उताराचं तोंड नैर्ऋत्येकडे. सकाळी तिथे ऊन तिरपं लागतं, दुपारी तीनला थेट छातीवर येतं. उलट पश्चिमेकडच्या काठाखाली डिसेंबरात चारच्या सुमारास सावली पडते, कारण तेवीसेक अंशांवर आलेला सूर्य काठाआड जातो. वर गावात सूर्यास्त सहाच्या आत-बाहेर, पण तळाशी पश्चिमेच्या कडेने चालणाऱ्याची संध्याकाळ पावणेदोन तास आधीच सुरू झालेली असते. झाडीत तर अंधार आणखी लवकर. म्हणून दिवसाची घडी अशी बसवावी: आदल्या रात्री लोणारात मुक्काम, उजाडताना काठावर, साडेसातच्या सुमारास धारेपासून खाली, आणि काहीही झालं तरी साडेदहाला चढाला पाऊल. दुपार गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात काढावी आणि सूर्यास्ताला पुन्हा काठावर यावं.

मुक्कामाचं सांगतो त्याला कारण आहे. बुलढाणा शहराहून लोणार नव्वद-पंचाण्णव किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेल्यामुळे नागपूर, छत्रपती संभाजीनगरहून येणं सोपं झालंय खरं, पण त्यामुळेच लोक सकाळी घरून निघून भर दुपारी उतरायला लागतात. पहाट हुकली की लोणारचा निम्मा दिवस हुकला.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. श्रावणात विवर हिरवंगार दिसतं, पण तेव्हा ते काठावरूनच बघावं. उतारावरचा मुरूम ओला झाला की पाय ठरत नाही आणि शेतातली काळी माती जोड्याला किलोकिलोने चिकटते. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळ सुरू होतं. लोकरीचे किंवा जाड विणीचे मोजे घालून गेलात तर संध्याकाळी तासभर कुसळं काढत बसाल. घट्ट विणीची सुती विजार, तीही मोज्यावर येईल एवढी लांब, हे उत्तम. त्याच दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा तयार होतात. वाटेवर लोंबणारी तपकिरी, मखमली शेंग दिसली तर हात लावू नका. घोणस, फुरसं या मुलखात आहेत, तेव्हा दगडाच्या सांदीत हात आणि न दिसणाऱ्या गवतात पाय घालायचा नाही. अत्तर लावून जाऊ नये. कड्यावर आणि जुन्या देवळांच्या छताखाली मोहोळ असू शकतं.

आता चालू या. काठावर उभे राहिलात की आधी पाण्याकडे बघू नका, पायाखालचे दगड बघा. आजूबाजूचं रान सपाट आहे आणि काठ मात्र त्याहून वीसेक मीटर उचललेला. दख्खनचा हा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. विवराच्या आतल्या भिंतीत हे थर एकावर एक दिसतात. एरवी ते आडवे असायचे, पण काठाशी ते बाहेरच्या बाजूला कललेत. आतून जबरदस्त धक्का बसून कडा उलथल्याची ती खूण. तरी हे विवर ज्वालामुखीचं की अशनीचं, हा वाद दीडशे वर्षं चालला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने युरोपीय अभ्यासकांना या जागेची ओळख करून दिली आणि १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पुरावा मांडला. तळात भोकं पाडून काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली होती. प्रचंड आघाताच्या दाबाखालीच ती तयार होते. विवराचं वय आधी पन्नास हजार वर्षांच्या घरात सांगत. पुढे आर्गॉनच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. काठावरचा एखादा दगड खिशात घालावासा वाटेल. घालू नका, इथून दगड उचलायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे.

धारेपाशी गोमुखातून पाणी बारमाही वाहतं. विवराच्या आत मोठं खारं तळं आणि त्याच्या भिंतीतून गोड्या पाण्याची धार, ही लोणारची गंमत. दख्खनच्या खडकात पावसाचं पाणी भेगांमधून मुरत खाली जातं आणि खालचा घट्ट थर लागला की आडवं सरकतं. विवराने ते थर कापलेत, म्हणून ते पाणी भिंतीतून बाहेर येतं. धार, सीतान्हाणी, रामगया ही त्या झऱ्यांची नावं. जिथे झरा तिथे देऊळ, जिथे देऊळ तिथे पायवाट. आज आपण ट्रेकची म्हणून जी वाट चालतो, ती शेकडो वर्षं यात्रेकरूंनी तुडवलेली वाट आहे. नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजा देवीला जाणाऱ्या बाया पहाटे उतरतात आणि ऊन चढायच्या आत वर येतात. वेळेचं जे शास्त्र मी वर पानभर मांडलं, ते त्यांच्या पायांत आहे.

उतारावर निंब, पळस, बोर, साग आणि सीताफळाची दाटी. वानरांच्या टोळ्या असतात, खाण्याची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका. मोर ऐकू येतो बराच आणि दिसतो थोडा. उतरताना पावलं छोटी टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार पेलतात, त्याने त्यांचे बारीक धागे दुखावतात आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतो. चढाने दम लागतो, उताराने पाय धरतात. वयस्कर मंडळींनी एक काठी जरूर घ्यावी.

झाडी विरळ झाली की वास येतो. तळ्याचं पाणी खारं आणि कमालीचं अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. पाणी बाहेर जायला वाट नाही. येतं ते उन्हाने आटतं आणि क्षार मागे राहतात. काठावरच्या पांढऱ्या थराला आणि क्षारांच्या वेगवेगळ्या प्रतींना लोणारकरांनी नावं दिली होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. काच आणि साबण करायला हे क्षार वापरत, याची नोंद थेट ‘आईन-ए-अकबरी’त आहे. एरवी पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शैवालासारख्या जीवांमुळे. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं तेव्हा पाणी घटून खारटपणा वाढला होता आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपला रंग पसरवला होता; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि नागपूरच्या नीरीने तपासून तसं सांगितलं. हिवाळ्यात काठाशी शेकाट्या, टिबुकल्या, चक्रवाक दिसतात. पाण्यात उतरू नका, आणि काठच्या चिखलावर विश्वास ठेवू नका. वरून वाळलेला दिसतो आणि घोट्यापर्यंत आत नेतो.

पाण्याची पातळी वर्षावर्षाला बदलते, हे योजनेत धरलंच पाहिजे. पाऊस चांगला झाला की काठची वाट पाण्याखाली जाते आणि कमळजा देवीच्या देवळापर्यंत पाणी येतं. मग पूर्ण फेरीचा हट्ट सोडावा आणि आल्या वाटेने परतावं. देवळासमोरची सासू-सुनेची विहीर तर पाणी ओसरलं तरच दिसते. तिच्या एका अंगाचं पाणी गोडं आणि दुसऱ्या अंगाचं खारं, म्हणून ते नाव. वाट उघडी आहे का, हे सकाळी वनखात्याच्या चौकीवर विचारावं. किती जण उतरताय आणि किती वाजता वर येणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावं. खोलगट जागेत मोबाईलच्या रेंजवर दिवस सोपवू नये.

न्याहारी कमळजा देवीच्या परिसरात, सावली बघून. ज्वारीची भाकर, बेसन, कांदा, थोडा ठेचा, गूळ-शेंगदाणे. घामाने गेलेलं मीठ भरून निघायला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. तळलेलं, मसालेदार खाल्लं की तहान वाढते, म्हणून शेगावची कचोरी संध्याकाळसाठी राखून ठेवा. कागद, सालं, बाटल्या सगळं परत वर न्यायचं. या खोलगटात पडलेली कुठलीही वस्तू वाहून बाहेर जात नाही, ती तळ्यातच पोचते.

आणि मग चढ. साडेदहा वाजले असतील. टोळीत जो सगळ्यांत हळू चालतो त्याला पुढे घालायचं, त्याच्या चालीने बाकीच्यांनी जायचं. बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. कुणाला चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं वाटलं तर तिथेच सावली, ओला कपडा, घोटघोट पाणी. बोलणं भरकटलं किंवा घाम येणं बंद झालं तर वाट न बघता मदत बोलवायची. पिशवीच्या तळाशी ठेवलेली ती बाटली आता काढायची. तासभर धरून ठेवलात तर अर्ध्या-पाऊण तासात, सहसा अपेक्षेपेक्षा लवकर, झाडांमधून पाण्याचा आवाज येतो. जोडे काढून पायऱ्यांवर ठेवायचे, विजारीचे काठ दुमडायचे आणि कुसळांनी खरचटलेले पाय गोमुखाच्या गार धारेखाली धरायचे.